पाचवीचा वर्ग, ओले रुमाल आणि ब्लेंडेड लर्निंग: माझा अनुभव

मी मुंबईत कुर्ल्याला मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवते. यंदा बाष्पीभवन ब्लेंडेड पद्धतीने घ्यायचं ठरवलं, म्हणजे व्याख्या, जलचक्र वगैरे मुलांनी घरी व्हिडिओत बघायचं आणि वर्गातला वेळ डोकं चालवायला. व्हिडिओंची अडचण नसते, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर बरंच काही मिळतं.

अडचण फोनची. घरात चांगला फोन एकच, तो बाबांबरोबर ड्युटीवर, ते रात्री येईपर्यंत पोरगं झोपलेलं. एक आई तर सरळ म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगता मुलांना मोबाइल देऊ नका, आणि आता अभ्यासच मोबाइलवर?" बरोबरच होतं त्यांचं. मग व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच, बघायला शनिवार-रविवार, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी वर्गात शाळेचा टॅब. एक गट टॅबवर, एक प्रयोगाला, एक वहीत लिहायला, मग अदलाबदल. गोंगाट होतो, होऊ दे.

व्हिडिओ बघून आलेली मुलं धडाधड सांगायला लागली, उष्णतेने पाण्याची वाफ होते. डीएडला ब्लूमच्या पायऱ्या शिकलेल्या, म्हणजे विचार करण्याच्या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पातळ्या, 1956 च्या आणि मग 2001 मध्ये सुधारलेल्या, त्यात आठवणं आणि समजणं या खालच्या दोन. वर जायचं तर व्हिडिओत ज्याचं उत्तर नाही असा प्रश्न हवा. मी विचारलं, जुलैत ऊन नसतं तेव्हा आई कपडे पंख्याखाली का टाकते, पंखा काय गरम हवा देतो?

सगळे गप्प. मग सारख्या मापाचे रुमाल घेतले, सारखं पाणी, एक पंख्याखाली पसरून, एक पंख्याखालीच घडी घालून, एक बंद कपाटात पसरून. आधी वहीत अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं, मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर थोड्या थोड्या वेळाने वजन. एक मुलगी म्हणाली, "बाई, घडीवाला आणि कपाटातला असं नाही बघता येणार, दोन गोष्टी बदलल्यात ना." मला इतका आनंद झाला की काय सांगू, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं!

आणि एकाने पसरलेल्या रुमालाला हात लावला, "बाई, हा तर गार लागतोय!" आता उष्णतेने वाफ होते म्हणणारे सगळे अडकले. त्यावरच अख्खा तास गेला. पाणी उडून जाताना लागणारी उष्णता कापडातूनच घेतं, माठ गार का, घाम आल्यावर पंख्याखाली बरं का वाटतं, हे सगळं त्यांच्याच तोंडून आलं. पंखा कापडाजवळची दमट हवा हलवतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते त्यामुळे वाळणं मुळातच हळू, एवढंच मला सांगावं लागलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली, तोवर व्हिडिओ न बघितलेल्या मुलांचे अंदाज जास्त मोकळे होते. "वारा लागतो म्हणून" हे पहिल्यांदा त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं, बघून आलेले उष्णतेलाच चिकटून होते. म्हणून पुढे विरघळण्याचा धडा घेताना व्हिडिओ आधी देणार नाहीये, आधी साखर-मीठ-वाळू, अंदाज, भांडणं, आणि घरी जाऊन मग व्हिडिओ, तोही "यात काय सांगायचं राहिलंय ते शोधून आणा" असं सांगून.