गोठलेले भाडे आणि वारसा इमारती
मुंबईतील काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, पाहिली की मला वारसा यादीपेक्षा भाडेपावतीचाच विचार अधिक येतो. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे जिथे दाखवली गेली, ती बिडाच्या सांगाड्यावर उभी असलेली ही वास्तू. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यातून तिची डागडुजी होणार तरी कशी? १९९५ च्या वारसा नियमावलीने बांधकामावर मर्यादा घातल्या आणि बुडालेल्या चटईक्षेत्राच्या, म्हणजे बांधता न आलेल्या मजल्यांच्या क्षेत्रफळाच्या, मोबदल्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर (तेवढे बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा हक्क), विकण्याची सोय दिली. मात्र हा मोबदला न झालेल्या बांधकामाचा असतो, गळक्या छपराचा नव्हे. दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाशी जोडलेली मालमत्ता करातील सवलत मला अधिक उपयुक्त वाटते.