जर्मनीत पत्ता नोंदवताना: माझा अनुभव

जर्मनीत शिकायला निघण्यापूर्वी मुंबईत सगळे एपीएस (आपल्या शैक्षणिक कागदांची तपासणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं, महिन्याला ठरावीकच पैसे देणारं खातं) यांबद्दलच विचारतात. ते होऊन जातं. एपीएसचे कागद पाठवा, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो भरा, व्हिसाची वाट बघा, झालं. घोळ तिकडे उतरल्यावर आहे, पत्त्याच्या नोंदणीत. माझे त्यात सात आठवडे गेले आणि अजून चीड गेलेली नाही.

या नोंदणीला आन्मेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात जाऊन ती करायची, असा कायदा. आणि तेच कार्यालय अपॉइंटमेंट देतं पाच आठवड्यांनंतरची! ही विसंगती तिथे कुणालाच खटकत नाही. तेव्हा खोली ठरली की लगेच, मुंबईतूनच, तारीख घेऊन टाका. बुकिंगची ई-मेल जपा. उशीर का झाला असं विचारलं तर दाखवायला तेवढंच असतं. रद्द झालेल्या वेळा सकाळी कार्यालय उघडताना साइटवर दिसतात, म्हणून पान तेव्हा पुन्हापुन्हा उघडून बघायचं. शहर मोठं असेल तर दुसऱ्या वॉर्डातलं कार्यालयही बहुधा चालतं.

आता माझी चूक. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालं की पत्त्याचा प्रश्न मिटतो, म्हणून मी भाडेकरार घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तो उलटूनसुद्धा पाहिला नाही. त्यांना हवा असतो वेगळा एक पानी कागद: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे ‘हा माणूस माझ्याकडे राहायला आला’ असं घर देणाऱ्याचं लेखी. त्यावर पाच गोष्टी लागतात: घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं आणि सही. तारीख करारावरची नाही, प्रत्यक्ष राहायला गेल्याची. कुणाच्या फ्लॅटमध्ये पोटभाड्याने असाल तर सही मूळ भाडेकरूची चालते; मालकाचं फक्त नाव लिहायचं, त्याच्या मागे धावायची गरज नाही. हे मला कळलं दुसऱ्या फेरीला. महिनाभरासाठी घेतलेल्या, एरवी पर्यटकांना देतात तसल्या खोल्यांचे मालक हा कागद बहुतेक देतच नाहीत. ‘कागद देणार का?’ हे डिपॉझिट भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. हिंदू असाल तर तिथे काही भरायची गरज नाही. तो चर्चच्या करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत आणि पुढे आयकर लागला, तर त्यावर ८ किंवा ९ टक्के जादा जातात.

सगळ्यात हास्यास्पद भाग लेटरबॉक्सचा. तिथल्या बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. बी विंग, ४०३ असलं काही नाही, खाली वॉचमनही नाही. पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव वाचतो. नाव नसेल तर पत्र परत. नोंदणीनंतर अकरा आकडी कर क्रमांक टपालानेच येतो, बँकेच्या कार्डाचा पिनही बरेचदा तसाच. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं, त्यामुळे पाकिटावर काय छापून येईल ते सांगता येत नाही. पेटीवर आणि बेलवर पासपोर्टमधलं आडनाव ठसठशीत लावा, पहिल्याच दिवशी, चिकटपट्टीने का होईना.

ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो तिथलं साधं बँक खाते उघडल्यावरच मिळू लागतात आणि काही बँका त्यासाठी नोंदणीचा दाखला मागतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि जेवणाखाण्याचे पैसे फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवा. निवास परवान्यालाही हाच दाखला लागतो. परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेला पाहिजे.

नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. फसवणूक समजून फेकू नका. वर्गणी माणशी नसते, घरटी असते. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, तुम्हाला काही भरावं लागत नाही.

आणि हो, बॅग भरताना: साजूक तूप, पेढे, दुधाचं काहीही नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतात. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखसही आईच्या डब्यातच राहू द्या, तिथे तिच्यावर बंदी आहे. गोडा मसाला मात्र बिनधास्त न्या, दुबईमार्गे असाल तर फक्त त्यात खसखस नाही ना ते बघा.