एकाच झाडावर आलं होतं सगळं

काल कुंडीतल्या अनंताला पहिलं फूल आलं आणि मला परत ती रॉड्रिग्जची रानकॉफी आठवली, दोन्ही कॉफीच्याच कुळातली, फुलं दोघांचीही पांढरीशुभ्र. रॉड्रिग्ज हे मॉरिशसचं बेट, १०८ चौरस किलोमीटर फक्त. तिथे या झुडपाला कॅफे मारॉन म्हणतात. जंगल तुटलं, माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी उरलंसुरलं खाल्लं, आणि हे झाड संपलं असंच सगळे धरून चालले होते.

मग १९८० च्या आसपास एका मास्तरांनी वर्गात बेटावरच्या दुर्मिळ झाडांबद्दल सांगितलं आणि एका मुलाने हे शोधून काढलं, चक्क जिवंत झाड! पण जगात तेवढं एकच. बातमी पसरली तसे लोक फांद्या तोडायला लागले, कारण याने दारू प्यायल्यानंतरचा त्रास जातो, गुप्तरोग बरे होतात असा समज होता. म्हणून कुंपण घातलं, तर लोकांना वाटलं एवढं जपतायत म्हणजे नक्कीच गुणकारी असणार, आणि कुंपण ओलांडून तोडायला लागले. मला हे वाचून खरंच पोटात तुटलं.

१९८६ ला काही फांद्या लंडनच्या क्यू गार्डनला नेल्या, त्यातली एक जगली. तिच्यापासून अजून रोपं केली, ती भरभरून फुलायची, पण फळ म्हणून धरायचं नाही, वर्षानुवर्षं. शेवटी कार्लोस मॅग्डालेना नावाच्या तिथल्या माळीबुवांनी फुलाच्या मधल्या दांडीचं टोक, जिथे पराग चिकटतो ना तेच, कापलं आणि त्या कापावर पराग ठेवून बघितला, एकदा नाही, कितीतरी फुलांवर. २००३ मध्ये फळ धरलं आणि आत बिया! पुढे बेटावरही परत रोपं लागली.

आणि बियांतून आलेल्या पोरांची पानं बघाल तर आईशी काहीच साम्य नाही, लांब, अरुंद, तपकिरी, मधे गुलाबीसर शीर, वाळक्या काडीसारखी दिसतात. झाड मोठं झालं की मग रुंद हिरवीगार, तकतकीत पानं. लहानपणी कासवांच्या नजरेतून सुटायला हे सोंग असावं असं म्हणतात. रॉड्रिग्जची ती मोठी कासवं कधीच संपलीत, पण रोपटं अजून तसंच लपून वाढतं.