स्पिटफायरचे काटे: दोन मीटर एकदम का चढले?

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क फोर, १२९६ सीसी, बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला. तक्रारी दोन. चावी फिरवली की टाकी अर्धी असतानाही पेट्रोलचा काटा 'फुल'च्या पलीकडे, आणि इंजिन धड तापायच्या आत पाण्याचा काटा लालकडे. दुसरी तक्रार निराळी: ब्रेकवर पाय ठेवून थांबलं की पेट्रोलचा काटा सावकाश खाली सरकतो. स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर ठीक आहेत, पण ते केबलवर चालतात, त्यामुळे या तपासात ते बाजूलाच.

दोन मीटर एकाच वेळी एकाच बाजूला चुकत असतील तर दोन्ही सेंडर (टाकीत आणि इंजिनवर बसणारे, रोध बदलून मीटरला खबर देणारे भाग) एकदम गेले असं धरून खरेदीला निघू नये. दोघांना मिळून काय आहे ते बघायचं. इथे ती वस्तू म्हणजे डॅशमागची छोटी पत्र्याची डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. हे मीटर तापणाऱ्या पट्टीचे आहेत: आतल्या तारेतून करंट गेला की दोन धातूंची पट्टी वाकते आणि काटा ढकलते. म्हणून काटा संथ चढतो. बॅटरी १२ आणि अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असताना काटा हलू नये यासाठी स्टॅबिलायझर त्यांना १० व्होल्टइतकाच ताप पोचवतो. तोही तशाच पट्टीने करंट जोडत-तोडत. त्यामुळे डिजिटल मीटर त्याच्या आउटपुटला लावला की आकडे शून्य आणि १२ च्या मध्ये नाचतात. ते बिघाडाचं लक्षण नाही. ठाम १० दिसण्याची वाट बघू नका. टेस्ट लॅम्प लावा. तो लुकलुकला पाहिजे.

आमच्या गाडीत लॅम्प लुकलुकला नाही, सलग पेटून राहिला. मीटरला थेट बॅटरी मिळत होती. मग मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक स्टॅबिलायझरच्या डबीच्या पत्र्यावर. चावी चालू असताना ११.९ व्होल्ट! हा पत्रा अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेला असायला हवा, आकडा ०.१ च्या आत हवा. अर्थ तुटला की आतल्या हीटरमधून करंट वाहत नाही, पट्टी तापत नाही, संपर्क कधी सुटतच नाही, आणि डबी हीटरमार्गे बॅटरीच्याच व्होल्टेजला तरंगत राहते. डबी ज्या स्क्रूने बसते तोच तिचा अर्थ. डॅश रंगवताना स्क्रूभोवती रंग चढला होता आणि वर पावसाळ्याची दमट हवा. स्क्रूचे आटे तपकिरी पडले होते. लाकडी डॅशच्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण लाकडातून अर्थ मिळत नाही, सगळा भार काळ्या वायरींवर.

जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला आणि डबीपासून बॉडीच्या पक्क्या बोल्टपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढली. काटे खाली आले. मात्र लॅम्पची लुकलुक अडखळत होती, कधी दोन सेकंद पेटूनच राहायची. आतले संपर्क जळालेले. संपर्क चांगले असतील तर मूळ वस्तू ठेवावी, असं आमचं मत. इथे ते शक्य नव्हतं. ती ठेवणार असाल तर डबी उभीच बसवा, 'बी' (बॅटरी) आणि 'ई' (अर्थ) टोकं वर, २० अंशांपेक्षा जास्त कलू नये. आडवी केली की उष्णतेचा हिशेब चुकतो.

बदली म्हणून डबीचं पोट रिकामं करून त्यात १० व्होल्टचा एलएम २९४० हा रेग्युलेटर आयसी बसवला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. नाहीच मिळाला तर ७८१० चालतो, पण त्याला १० देण्यासाठी साधारण १२ व्होल्ट आत लागतात. हेडलाइट लावून गाडी आयडलवर उभी असेल तर तेवढं मिळेलच असं नाही. २९४० ला अर्धा व्होल्ट जास्त असला तरी पुरतो आणि बॅटरी उलटी जोडली गेली तरी तो तगतो. इनपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुटला किमान २२ चा. आम्ही ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक घातला. आउटपुटला नुसता सिरॅमिक लावू नका, आयसी थरथरतो आणि मग वेगळाच भुताटकीचा खेळ सुरू होतो. दोन मीटरना मिळून पाव अँपियरही लागत नाही, त्यामुळे फार ताप नाही. आयसीचा पत्रा आतून ग्राउंडच असतो, म्हणून तो थेट डबीला रिव्हेट केला. १९६७ पूर्वीच्या, पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या स्पिटफायरमध्ये हे अजिबात करू नये.

आता मीटर खरं बोलतात का, ते तपासायचं. सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवायची आणि काटा 'फुल'ला जातो का बघायचं, ही जुनी सवय सोडा. रोध नसताना तापणारी तार मर्यादेबाहेर तापते, मीटर कायमचा वाकतो. त्याऐवजी १ वॅटचे तीन रेझिस्टर घ्या: २२, ६८ आणि २२० ओहम. टाकीकडे जाणारी वायर हिरवी-काळी, पाण्याच्या सेंडरची हिरवी-निळी. सेंडरकडचं टोक काढून रेझिस्टरमार्गे बॉडीला जोडा आणि मिनिटभर थांबा, हे मीटर घाईचे नाहीत. २२ ला पेट्रोलचा काटा 'फुल'जवळ, ६८ ला साधारण मध्यावर, २२० ला 'एम्प्टी'जवळ. आमचा पेट्रोल मीटर तिन्ही ठिकाणी बरोबर आला, म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष.

राहिला ब्रेकचा प्रश्न. लाल टोक टाकीच्या सेंडरच्या बॉडीवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. दिवे बंद: ०.०३ व्होल्ट. ब्रेक दाबला: १.४. मागच्या दिव्यांचा आणि सेंडरचा अर्थ एकाच जागी जातो आणि तो सैल आहे. २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे साडेतीन अँपियर ओढतात. एवढा करंट ०.४ ओहमच्या गंजातून गेला की १.४ व्होल्ट तिथेच अडकतात. सेंडरची जमीन तेवढी वर उचलली जाते, मीटरचा करंट घटतो, काटा खाली येतो. दिवे बंद ठेवून कंटिन्युइटीचं बटण दाबलं असतं तर मल्टिमीटरने खुशाल बीप दिला असता. म्हणून अर्थ नेहमी लोड देऊन, व्होल्टच्या आकड्याने तपासा. डिकीतल्या गालिच्याखालचा लग (अर्थ वायरीच्या टोकाची धातूची कडी) बदलला, सेंडरला वेगळा अर्थ दिला, जोडावर व्हॅसलीन लावलं. आता ब्रेक दाबल्यावर ०.०५.

टाकीचा सेंडर काढलाच होता, तर फ्लोट हाताने वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवून रोध बघितला. २० पासून २४० पर्यंत सलग वाढायला हवा. मध्येच अनंत दाखवत असेल तर तार तिथे झिजली आहे. रस्त्यावर अशा ठिकाणी काटा 'एम्प्टी'कडे झुकतो. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडणारच. नाना पेठेत सेंडर घ्यायला गेलात तर मल्टिमीटर बरोबर न्या, आणि ट्रायम्फ हेरल्ड गाडीचा म्हणून कोणी काही काढून दिलं तर दोन्ही टोकांचा रोध मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मीटरचे प्रकार वेगळे, त्यांचे सेंडरही वेगळे. गास्केट वायटन रबराचं घातलं, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुना कॉर्क टिकत नाही.

पाण्याचा सेंडर पातेल्यात तपासला: फक्त आट्यांचा भाग पाण्यात, वायर लावायचं टोक कोरडं, थर्मामीटर शेजारी. थंड पाण्यात शेकडो ओहम, उकळत्या पाण्यात काही दहा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने पाणी इथे ९८ च्या आसपास उकळतं, १०० धरून आलेख काढू नका. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नयेत, सेंडरचा अर्थ आट्यांतूनच जातो.

बाकी आहे ते असं: थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, तेव्हा त्या तापमानाला काटा कुठे उभा राहतो ती खूण काचेवर टेपने करायची, आणि मग कात्रजचा घाट चढून ती खूण टिकते का बघायचं. हिरव्या वायरीचा फ्यूज होल्डरही हिरवट पडला आहे. त्यात लुकासचा ३५ अँपियर लिहिलेला काचेचा फ्यूज आहे. तो सलग १७ च्या आसपासच झेलतो, ३५ हा उडण्याचा आकडा. बदलताना आजच्या पद्धतीचा ३५ घातला तर वायर आधी जळेल. १५ चा घालतोय.