नाकारलेलं सॅम्पल

फॉर्मवर लाल शाईत एवढंच होतं, 'सॅम्पल नाकारले'. कारण नाही, सही नाही. दोन वर्षं झाली, तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रागानेच ठेवलाय.

माझं काम साधं होतं. धनभारित ऱ्होडियम कॉम्प्लेक्स, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा कॅटॅलिस्ट, आयोनिक लिक्विडमध्ये (द्रव रूपातल्या मिठात) विरघळवायचा आणि १-हेक्झीनचं हायड्रोजनेशन करायचं, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडायचा. तयार झालेलं हेक्झेन वर तरंगतं, कॅटॅलिस्ट खालच्या थरात राहतो. वरचं ओतून घ्यायचं, खालचं पुन्हा वापरायचं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इव्ह शोवँ यांच्या गटाने १९९५ मध्ये हे १-पेंटीनवर करून दाखवलं होतं. मला फक्त माझा लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) घालून बघायचा होता.

लिक्विड बनवताना काहीच अडलं नाही. मिथिलइमिडाझोल, क्लोरोब्युटेन, ७० अंश, नायट्रोजनखाली तीन दिवस. मग पाण्यात पोटॅशियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट घातलं की ते क्लोराइडची जागा घेतं आणि तळाशी लिक्विडचा जाड थर बसतो. उरलेलं क्लोराइड पाण्याने धुऊन काढायचं. थर इतका स्वच्छ आला की मी फोटो काढून आईला पाठवला. (घाईने तापमान वाढवू नका, पिवळं पडतं.)

हायड्रोजनचा फुगा लावला सकाळी दहाला. संध्याकाळी सहाला तो तसाच गरगरीत, म्हणजे हायड्रोजन वापरलाच गेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच.

"क्लोराइड राहिलंय," माझे गाईड, सर म्हणाले. ऱ्होडियमवरची मोकळी जागा क्लोराइड अडवून बसतं, मग हायड्रोजन येणार कुठे? मी म्हटलं, सर, धुवणाच्या पाण्याची सिल्व्हर नायट्रेट टेस्ट निगेटिव्ह आहे. (क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं.)

"मग आकडा आण."

आकड्यासाठी आयन क्रोमॅटोग्राफी (आयन वेगळे करून मोजायची पद्धत), आणि ते यंत्र दुसऱ्या संस्थेत. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, आधी पैसे भरल्याची पावती, मग रांग. पहिल्यांदा फॉर्म परत आला, कारण 'सॅम्पलचे स्वरूप' या रकान्यात मी 'द्रव मीठ' लिहिलं होतं. घन की द्रव, एकच लिहा म्हणाले. नुसतं 'द्रव' लिहिलं, पुन्हा दोन सह्या, पुन्हा रांगेच्या शेपटाला. तीन आठवड्यांनी ती लाल शाई. फोनवर उत्तर, "मॅडम, असलं सॅम्पल आम्ही घेत नाही." असलं म्हणजे कसलं?

शेवटी स्वतः गेले. यंत्र चालवणाऱ्या काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. हेक्साफ्लोरोफॉस्फेट यंत्राच्या कॉलमला (सॅम्पल ज्या नळीतून जातं तिला) घट्ट चिकटतं, लवकर सुटत नाही, मागून येणाऱ्या सॅम्पल्सच्या आलेखातले उंचवटे बिघडतात. त्यांचं बरोबरच होतं. पण हे एक वाक्य फॉर्मवर छापायला काय जातं?

सुटका झाली ती आमच्याच इमारतीत. पर्यावरणशास्त्राची एक ज्युनियर म्हणाली, "ताई, आम्ही बोअरचं पाणी तपासतो तो क्लोराइड इलेक्ट्रोड आहे की." लिक्विड डायक्लोरोमिथेनने पातळ केलं, पाण्याबरोबर दणकून हलवलं आणि ते पाणी इलेक्ट्रोडखाली धरलं. क्लोराइड भरपूर! मग माझी टेस्ट खोटं का बोलली? टेस्टचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता. हे लिक्विड पाण्याच्या काहीशे पट चिकट, आणि इमल्शनच्या, म्हणजे दोन्ही थर एकमेकांत मिसळून बसण्याच्या, भीतीने मी फनेल नुसतं डुलवत होते. पाणी वरवरचं क्लोराइड घेऊन स्वच्छ निघत होतं.

तेव्हा पातळ करूनच धुवा. पाणी गार आणि थोडं थोडं घ्या, कारण पाण्याच्या दोनेक टक्के इतकं लिक्विड त्यात विरघळून जातंच. इलेक्ट्रोडचा आकडा कोऱ्या, न वापरलेल्या पाण्याइतका येईपर्यंत थांबू नका. हो, आधी ते कोरं पाणीही तपासा. पुढे एकदा आमच्या लॅबचं डिस्टिल्ड वॉटरच सिल्व्हर नायट्रेटने किंचित दुधाळ झालं. आणि ओलं लिक्विड जास्त तापवू नका. हेक्साफ्लोरोफॉस्फेटमधून हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. माझा एक फ्लास्क आतून धुरकट झाला, काचच खाल्ली त्याने. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (हायड्रोजन फ्लोराइडने भाजलं तर लावायचं) हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नका, हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

नव्या बॅचवर फुगा लावला आणि डबा खायला गेले. परत आले तर तो सुरकुतून स्टँडवर लोंबत होता. मी तिथेच मोठ्याने हसले.

नाकारलेल्या सॅम्पलची फी अजून मिळालेली नाही. परताव्याचा फॉर्म वेगळा आहे, त्यावरही विभागप्रमुखांची सही लागते.