तुम्ही विचारलंत म्हणून: ही चित्रं तुम्हाला सापडतात तरी कुठे?

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतल्या काकू विचारतात, भाचेमंडळी तर भिंतीचे फोटो काढता काढता विचारतात: मावशी, ही चित्रं तुला सापडतात तरी कुठे? बहुतेकांना वाटतं, एखादं दुकान असेल, पत्ता कळला की काम झालं. तसं दुकान असतं तर मी आनंदाने पत्ता दिला असता. मी नावांच्या मागे जाते, एवढंच माझं उत्तर आहे. चित्राच्या कोपऱ्यात, पुस्तकाच्या पहिल्या दोन-चार पानांत, स्टॉलवर टाचलेल्या चिठ्ठीवर, जिथे चित्रकाराचं नाव असेल तिथे ते वाचायचं, लिहून ठेवायचं आणि त्या माणसाने आणखी काय काय केलंय ते बघायला जायचं. एका नावातून दुसरं नाव निघतं. चित्रकार आपल्या बरोबरीच्यांबद्दल फार मोकळेपणाने सांगतात, हा माझा आजवरचा अनुभव.

मराठी वाचकाला ही सवय अवघड जाऊ नये. दिवाळी अंक हातात आला की आपण अनुक्रमणिका उघडतो, कथा कोणाच्या आणि लेख कोणाचे ते बघतो. तिथेच जवळपास बारीक टाइपात मुखपृष्ठ, सजावट, रेखाटनं, व्यंगचित्रं कोणाची तेही छापलेलं असतं. ते वाचणारे थोडे. खरं तर चित्रकारांची नावं आपल्याकडे घराघरांत गेली ती याच अंकांमुळे. दीनानाथ दलालांनी तर १९४५मध्ये 'दीपावली' हे नियतकालिक स्वतःच सुरू केलं. रघुवीर मुळगावकरांचे देव कॅलेंडरांवरून देवघरापर्यंत पोचले. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर, एसीसी कंपनीत नोकरी, आणि ती सांभाळून त्यांनी आयुष्यभर अशी रेषा काढली की कोपऱ्यातली सही झाकली तरी चित्र त्यांचं आहे हे लपत नाही. माझी आई रद्दीवाल्याला अंक द्यायच्या आधी आवडलेली मुखपृष्ठं कात्रीने कापून ठेवायची, आणि कापताना सही वाचली जाईल एवढा कागद सोडायची. मला हे वळण तिच्याकडून लागलं असणार.

आज त्या अंकांत आणि मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणारे कितीतरी तरुण चित्रकार आपली चित्रं स्वतःच विकतात. पुस्तकात दिसलेलं नाव इन्स्टाग्रामवर टाकलं की त्यांचं सगळं काम समोर येतं. अर्धवट स्केचेस येतात, फसलेले रंग येतात, सकाळी लोकलमध्ये काढलेली झोपलेल्या माणसांची चित्रं येतात. पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा मला ही स्केचबुकची पानं जास्त सांगून जातात. माणूस कशाकडे थांबून बघतो ते तिथे कळतं.

पण स्क्रीनवर बघणं ही नुसती ओळख. बघायला जायला हवंच, आणि मुंबईत राहून ते न करणं म्हणजे गंगेच्या काठी राहून तहानलेलं राहण्यासारखं आहे. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून उभी आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. प्रदर्शनं साधारण आठवड्याची असतात, मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. दारात घुटमळणारे लोक मी नेहमी बघते. आत गेलं तर काही घ्यावं लागेल का, कोणी काही विचारलं तर काय बोलायचं, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. काही घ्यावं लागत नाही आणि काही बोलावंही लागत नाही. मधल्या वारी दुपारी जा. उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रकार पाहुण्यांत अडकलेला असतो. बुधवारी-गुरुवारी दुपारी तो खुर्चीवर एकटा बसलेला असतो आणि कोणीतरी एखाद्या चित्रासमोर जरा जास्त वेळ उभं राहावं याची वाट बघत असतो. तुम्ही उभे राहिलात की तोच उठून येतो.

बाहेरचा फूटपाथ विसरू नका. तिथे चित्रं लावून बसणाऱ्यांत पाच मिनिटांत समोरच्याचा चेहरा काढून देणारे आहेत, तसेच वर्षानुवर्षं आपलंच काही शोधत राहिलेले गंभीर चित्रकारही आहेत. आतल्या हॉलसाठी अर्ज केला तर नंबर लागायला वर्षं जातात, तोवर काम दाखवायचं कुठे? जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो, १९९९पासून चालू आहे; शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या दिवशी गेलात तर स्टॉलवाल्यांशी दोन शब्द बोलता येतात. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे सर जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन. १८५७ची संस्था, सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखी. तिथे ज्यांची कामं लागतात त्यांचं नाव अजून कोणाला माहीत नसतं. काही कामं कच्ची असतात. पण एखाद्या प्रिंटसमोर पाय थांबतात आणि तुम्ही नाव टिपून घेता, आणि काही वर्षांनी तेच नाव कुठल्यातरी मुखपृष्ठाखाली दिसतं. तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

आता भिंतीवरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्राबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक त्याबद्दलच विचारतात. बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील, मागे वर्सोव्याची खाडी. ते लिनोकट आहे. ते करणारी मुलगी कांदिवलीला राहते आणि तिच्याकडे छपाईचं यंत्र नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर ती उलटं चित्र काढते, कारण छापल्यावर डावं उजवीकडे जातं. मग जे पांढरं राहायला हवं ते सगळं बारीक कोरणीने कोरून काढते. काचेवर शाई पसरून रोलरने ती लिनोवर चढवते, वर कागद ठेवते आणि कागदाच्या पाठीवर स्टीलच्या चमच्याची पाठ घासत राहते. ओट्यावर, जेवणं उरकल्यावर. एक प्रत नीट यायला किती घासावं लागतं ते तिने मला करायला लावून दाखवलं. माझं मनगट भरून आलं, आणि कागद उचलला तर कडेची शाई फिकी.

"काकू, कडेला जोर कमी पडला. तिथे चमचा छोटा घ्यायचा," ती म्हणाली आणि चहाचा चमचा माझ्या हातात दिला.

त्या चित्रातले बोंबील जोडीजोडीने टांगलेले आहेत, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. कोळीवाड्यात ते तसेच घालतात. दोरीने बांधावे लागत नाहीत, बांबूच्या दोन्ही बाजूंना एक एक लोंबतो. तिने ही गाठ इतकी नेमकी कोरली आहे की माझ्याकडे आलेल्या एका कोळीणबाई, घरात आल्या आल्या, "हिने जवळ बसून बघितलंय," म्हणाल्या. माझ्या दृष्टीने चित्राला याहून मोठी पावती नाही. आकाशाकडे बघा: ते कोरं पांढरं नाही. कोरताना राहून गेलेल्या बारीक रेघा तिथे छापल्या गेल्यात. त्या साफ करता आल्या असत्या. तिने ठेवल्या आणि त्यामुळे खाडीवरचा वारा चित्रात आला. हाताने केलेल्या कामात मी हेच बघते. चूक नसणं महत्त्वाचं नाही; हात कुठून कसा गेला ते दिसलं पाहिजे.

खाली पेन्सिलीने ७/२० लिहिलंय त्याचा अर्थ, या ठशावरून वीस प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. वीस झाल्या की ती लिनोवर आडवी रेघ मारून ठसा बाद करते. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे प्रिंटच ना? मग एवढे पैसे?" दुकानात मिळणारं पोस्टर हीसुद्धा प्रिंट आणि हीसुद्धा प्रिंट, म्हणून गोंधळ होतो. पोस्टर भिंगाखाली धरा, रंगांचे बारीक ठिपके दिसतील. लिनोकट भिंगाखाली धरा, शाईचा सलग थर दिसेल. धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून कागदावर छाप दाबून घेतात त्या एचिंगमध्ये तर प्लेटच्या कडेचा खोलगट चौकोन बोटाला लागतो. यातली प्रत्येक प्रत कोणीतरी बसून काढलेली असते आणि तिच्यात थोडा फरक असतो. महिनाभराचं कोरणं, चांगल्या कापसाच्या कागदाचा खर्च, बिघडलेल्या प्रती, हे सगळं वीस जणांत वाटलं जातं म्हणून तर तुम्हा-आम्हाला ते परवडतं. घासाघीस करू नका, एवढी मात्र माझी कळकळीची विनंती आहे. मोठं परवडत नसेल तर पोस्टकार्ड घ्या, बुकमार्क घ्या, दोन रंगांत छापलेली छोटी पुस्तिका घ्या. माझ्याकडच्या कित्येक चित्रकारांशी ओळख पोस्टकार्डापासून झाली आहे.

दिवाणखान्यातली वारली चित्रं डहाणूच्या एका कुटुंबाकडून घेतलेली आहेत. वारली मुंबईत कपांवर, उशांवर, लिफ्टच्या दारांवर सगळीकडे दिसते, त्यामुळे आपल्याला ती माहीत आहे असं वाटतं. मूळ काम जवळून बघितलं की कळतं किती कमी माहीत होतं. लग्नाच्या घरी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी. हे काम परंपरेने सवाष्णींचं. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. रंग एकच, त्यामुळे सगळा भार रेषेवर आणि मोकळ्या जागेवर. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, लग्नाच्या चौकाबाहेरचं रोजचं जगणं त्यात आणलं, १९७६मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले, पण त्यांच्या पाड्यावर आणि आसपास पुढच्या पिढ्या काम करतायत.

माझ्याकडच्या एका चित्रात मासेमारीचं जाळं आहे. अख्खं जाळं, घर अन् घर, हाताने काढलेलं. कुठे रेघ जाड होते, कुठे काडीतला रंग संपत आलाय आणि ती पुसट होते, मग पुन्हा बुडवून पुढे जाते. कपावर छापलेल्या वारलीत सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असतात आणि तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती नाचणारी माणसं एकाच साच्यातली. खऱ्या चित्रात नाचाच्या रांगेतल्या प्रत्येकाचा गुडघा वेगळा वाकलेला असतो. २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. एका सुट्टीच्या दिवशी जाऊन या. ज्यांनी काढलं त्यांच्याकडूनच घ्या, आणि खाली नाव लिहून द्यायला सांगा. 'वारली पेंटिंग' हे चित्रकाराचं नाव नव्हे.

नावाचा मी एवढा आग्रह का धरते, हेही लोक विचारतात. कारण रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सुंदर चित्रं येतात, आणि त्यातल्या बहुतेकांची सही कोणीतरी कापलेली असते. वर शुभेच्छा चिकटवायला जागा हवी म्हणून खालचा कोपरा जातो. ज्याने रात्र जागून ते काढलं त्याच्यापर्यंत तुमचं कौतुक पोचतच नाही, मग काम कुठून पोचणार? चित्र पुढे पाठवताना नाव शोधून सोबत लिहा. फोटोवरून शोधायची सोय आता फोनमध्येच असते, मिनिटभराचं काम आहे. आणि सापडलं की त्या चित्रकाराला दोन ओळी लिहा. 'मस्त' लिहून थांबू नका, काय आवडलं ते लिहा: पावसातल्या छत्रीखालचा तो पिवळा उजेड आवडला, आजीच्या हातातल्या विळीचा कोन आवडला. एका चित्रकाराने मला सांगितलं होतं की असं नेमकं लिहिणारी माणसं त्याला नावानिशी आठवतात.

राहता राहिली मुंबईची हवा, कारण चित्र घेऊन गेलेल्यांचे पावसाळ्यात हमखास फोन येतात की कागदावर तपकिरी ठिपके पडले. ती बुरशी. फ्रेमवाल्याला सांगा की चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, हवाच, आणि तो आम्लमुक्त घ्या. चित्राच्या पाठीला सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावू देऊ नका; टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डाग पुढे उमटतो. पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. थेट ऊन तर नकोच, जलरंग उडतात. गुंडाळून आणलेलं चित्र नळीत ठेवून विसरू नका, बाहेर काढून दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. जून लागायच्या आत फ्रेम करून घ्या, कारण पावसाळ्यात फ्रेमवाल्याच्या दुकानातला कागदसुद्धा ओल धरतो.