उपासमारीचं बजेट

प्रवाळांना श्रीमंत पाणी चालत नाही. उष्ण कटिबंधातला तो आरपार दिसणारा निळाशार समुद्र म्हणजे खरं तर निकस पाणी, आणि प्रवाळांचं सगळं वैभव नेमकं तिथेच. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की ही शैवालं माजतात, आणि हौसेने आणलेली जांभळी ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं दगडी प्रवाळ, तपकिरी पडते.

समुद्रात हे उपाशीपण फुकट मिळतं. म्युनिकमधल्या आमच्या हॉलमध्ये मासे आणि प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, तिथे ते विकत घ्यावं लागतं. पाणी निकस ठेवायची तयार पद्धत घ्यायची तर झिओलाइट या खनिजाचे खडे, खड्यांसाठी नळकांडं, जिवाणूंची बाटली, जिवाणूंच्या खाण्याची बाटली, प्रवाळांसाठी अमिनो आम्लांची बाटली. खडे रोज हलवायचे, दीड-दोन महिन्यांनी बदलायचे. वर थेंब मोजून सोडणारा पंप. मी बेरीज केली आणि कागद बायकोच्या नजरेला पडायच्या आत घडी घालून ठेवला. गांधीजींना गरिबीत ठेवणं फार महाग पडतं, असं सरोजिनी नायडू गमतीने म्हणाल्याचं सांगतात. माझ्या ॲक्रोपोराचंही तेच.

म्हणून मी व्होडकावर आलो. सुपरमार्केटमधली सगळ्यात स्वस्त, साधी, कसलाही स्वाद नसलेली. सुरुवात शंभर लिटरमागे रोज 0.1 मिली, मग चाचण्या बघत हळूहळू वाढवायचं. आईने व्हिडिओ कॉलवर सिरिंज पाहिली. "अरे मेल्या, माशांना दारू पाजतोस?"

माशांना नाही गं, जिवाणूंना. अल्कोहोलमधला कार्बन मिळाला की ते भराभर वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट उचलतात. मग स्किमर त्यांना बारीक बुडबुड्यांच्या फेसात पकडून वरच्या भांड्यात काढतो. घाई मात्र करायची नाही. एकदम जास्त ओतलं तर जिवाणू इतके माजतात की पाणी दुधट होतं आणि प्राणवायू संपून मासे तोंड वर काढतात. स्किमरचं भांडं धुणं हा या छंदाचा कुणीच फोटो न टाकणारा भाग. तळाशी काळपट हिरवा रस्सा, कडेला बोटाने खरवडावा लागणारा चिकट थर. आमच्या घरी या कामाला वेगळा ब्रश आहे आणि जागा बाल्कनीतच, थंडीतसुद्धा.

"मग माशांना कमी खायला घाल की," आई म्हणाली. शास्त्र पूर्णपणे तिच्या बाजूचं, टाकीतलं नायट्रेट-फॉस्फेट मुख्यतः माशांच्या खाण्यातूनच येतं. ती मालवणची, तिथले प्रवाळ गढूळ पाण्यातसुद्धा तग धरून आहेत आणि त्यांना कुणी सिरिंजने काही दिलेलं नाही. तिच्या घरात तर हा उद्योग करताच आला नसता, भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. इथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळाची बोटभर फांदी दुसऱ्या हौशी माणसाकडून मिळते, जास्वंदीची मिळावी तशी. पण काचेशी येऊन तोंड उघडझाप करणाऱ्या माशाला उपाशी ठेवणं मला जमत नाही. एवढं बजेट मी मंजूर केलं आहे.

व्होडकाने काम केलं. नायट्रेटच्या चाचणीतली गुलाबी छटा फिकट होत होत गेली, फॉस्फेटची निळी तर खिडकीशी धरूनही दिसेना. मी खूश. आणि मग वाळूवर तपकिरी, बुडबुडे अडकलेले तंतू पसरू लागले. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. पाणी अगदीच रिकामं झालं की बाकीचे स्पर्धक मागे पडतात आणि यांचं फावतं.

यावर दुकानात उपाय आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट बाटलीत भरून विकतात, पाण्यात घालायला. नायट्रेट कमी करायच्या बाटल्यांच्या अगदी शेजारी, त्याच फळीवर, बऱ्याचदा त्याच कंपनीच्या. मी एक घेतली. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, दोन्ही एकत्र घेतल्या तर हवी आहे का सवलत?